संगणकाने न ओळखलेले कार्ड : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

संगणकाच्या दुरुस्तीविषयी ज्या तक्रारी वारंवार कानी येतात त्यांत, नवे कार्ड स्लॉटमध्ये बसविले पण संगणक ते ओळखतच नाही, ही तक्रार जितकी जुनी आहे तितकीच फसवी आहे. जुनी अशासाठी, की ग्राफिक्स, ध्वनी, नेटवर्क अथवा साठवण यांपैकी एखादे नवे सामर्थ्य संगणकाला देण्याकरिता मदरबोर्डावर वेगळे कार्ड बसवावे ही कल्पना वैयक्तिक संगणकाच्या जन्माबरोबरच अवतरली. आणि फसवी अशासाठी, की एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले निदान पाच प्रकारचे दोष बाहेरून अगदी एकसारखे दिसतात. एका कार्डाला वीजच पोहोचलेली नसते. दुसऱ्याला वीज पोहोचते, परंतु मदरबोर्डाशी त्याचा संवाद जुळत नाही. तिसऱ्याचा संवाद जुळतो, परंतु त्याने मागितलेली जागा बायोसला देता येत नाही. चौथ्याला जागाही मिळते, परंतु विंडोजपाशी त्याचा ड्रायव्हर नसतो. आणि पाचवे कार्ड सर्वस्वी निर्दोष असूनही, ते ज्या स्लॉटमध्ये बसविले तो स्लॉटच मदरबोर्डाने अन्य कामासाठी बंद करून ठेवलेला असतो. या पाचही प्रसंगी मालकाच्या पदरी पडणारी निराशा एकच, आणि म्हणूनच की काय, पाचही प्रसंगी दिला जाणारा सल्लाही बहुधा एकच असतो : ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.

या सल्ल्यात वाईट काही नाही. तथापि पाचांपैकी चार प्रसंगी तो निरुपयोगी आहे. कार्ड ओळखले जाणे हे ठरावीक क्रमाने पार पडणाऱ्या अनेक क्रियांचे फलित असते, व त्या क्रमात ड्रायव्हरचे स्थान अगदी शेवटचे आहे. त्यामुळे कार्ड कोणत्या पायरीवर अडले याची खातरजमा केल्यावाचून योजलेला प्रत्येक उपाय हा निव्वळ योगायोगावर सोपविलेला उपाय होय, असे माझे मत आहे. आणि ते मत या प्रश्नाचा पूर्वेतिहास व त्याची आजची स्थिती या दोहोंच्या आधारे मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश.

जम्परांचा काळ

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला तेव्हा त्यात विस्तारासाठी पाच स्लॉट होते, व प्रत्येक स्लॉटमध्ये ६२ संपर्क होते. १९८४ च्या एटी या प्रतिमानात आणखी ३६ संपर्कांचा जोड देऊन आठ बिटांचा मार्ग सोळा बिटांचा करण्यात आला, आणि हीच रचना पुढे आयएसए या नावाने रूढ झाली. या रचनेत संगणकाने कार्डाला विचारावे व कार्डाने आपले नाव सांगावे अशी सोयच मुळी नव्हती. कार्ड कोणत्या पत्त्यावर बोलणार, प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी कोणती आयआरक्यू रेषा वापरणार आणि स्मृतीशी थेट देवघेव करण्यासाठी कोणता डीएमए मार्ग घेणार, हे सर्व कार्डावरील इवल्याशा पिनांवर जम्परची टोपी सरकवून माणसाने ठरवावयाचे, आणि तेच आकडे पुन्हा प्रोग्रामलाही सांगावयाचे. साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७ आणि डीएमए १, हे आकडे त्या पिढीतील संगणकप्रेमींना पाढ्यांसारखे मुखोद्गत असत. आणि छपाईयंत्राची पहिली जोडणीही आयआरक्यू ७ वरच हक्क सांगत असल्यामुळे, ध्वनी सुरू करावा तर छपाई अडते व छपाई करावी तर ध्वनी खुंटतो, असे प्रसंग नित्याचे होते. आयएसए मार्गावर एकाच रेषेची वहिवाट दोन कार्डांनी सामाईकपणे करणे बहुधा शक्यच नव्हते.

मराठी वाचकाला या काळाचे एक उदाहरण विशेष जवळचे वाटेल. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेल्या कामाचा धागा पुढे नेऊन जिस्ट कार्ड सिद्ध केले. रोमन लिपीपलीकडे काहीही न जाणणाऱ्या डॉसच्या प्रोग्रामांत देवनागरी व इतर भारतीय लिप्या उमटविण्याचे काम हे कार्ड करीत असे, आणि तेही प्रोग्राम न बदलता. ज्या कचेरीत ते बसले तेथील दप्तर मराठीत उमटू लागले. ज्या संगणकात ते अन्य कार्डाशी अडखळले तेथे मराठीही अडली. स्लॉटमधील एका फलकावर एका भाषेचा संगणकातील प्रवेश अवलंबून असावा, ही गोष्ट आज युनिकोडच्या काळात खरी वाटणार नाही. परंतु कार्ड ओळखले जाणे न जाणे हा केवळ हौशी मंडळींचा प्रश्न नव्हता, हे तिच्यावरून ध्यानात येते.

माणसावरील हा भार यंत्रावर टाकण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या मायक्रो चॅनेलमध्ये जम्पर नव्हते, परंतु प्रत्येक कार्डाबरोबर त्याच्या वर्णनाची फाइल असलेली फ्लॉपी जपून ठेवावी लागे, आणि ती गहाळ झाली की धडधाकट कार्डही निकामी ठरे. १९८८ साली नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ईआयएसए हा मार्ग पुढे आणला. १९९३ मध्ये आयएसएसाठी 'प्लग अँड प्ले'चा आराखडा आला, आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ ने त्याचा घरोघरी प्रसार केला. परंतु खरी क्रांती इंटेलने १९९२ मध्ये मांडलेल्या पीसीआय या मार्गाने केली, कारण तेथे कार्डाची ओळख ही कार्डाच्याच अंगी कोरलेली होती. २००४ पासून प्रचारात आलेल्या पीसीआय एक्सप्रेसने तारांची रचना मुळापासून बदलली, पण ओळखीची ही पद्धत कायम राखली.

ओळख पटते ती कशी

संगणक सुरू होताच बायोस, अथवा त्याचा आजचा उत्तराधिकारी यूईएफआय, शाळेतील मास्तरांप्रमाणे हजेरी घेऊ लागतो. प्रत्येक मार्गावर ३२ जागा, व प्रत्येक जागी जास्तीत जास्त आठ कार्ये, अशा क्रमाने तो एकेका पत्त्यावर विचारणा करतो. जेथे कार्ड असेल तेथून सोळा बिटांचा उत्पादक क्रमांक व सोळा बिटांचा उपकरण क्रमांक असे उत्तर येते, आणि जेथे कोणी नसेल तेथून सर्व बिटे एक असलेला, म्हणजे षोडशमान पद्धतीने एफएफएफएफ, असा आकडा हाती पडतो. हे उत्पादक क्रमांक पीसीआय-सिग ही संस्था देते : इंटेलचा ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी, आणि एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांवर आजही दिसणारा, मूळ एटीआय कंपनीचा १००२.

हजेरी लागली की बायोस कार्डाला किती जागा हवी हे पाहतो. त्याची रीत मोठी चतुर आहे : कार्डाच्या पत्तादर्शक नोंदीत सर्व बिटे एक लिहावयाची व तीच नोंद परत वाचावयाची, जी बिटे कार्डाने शून्यच ठेवली त्यांवरून मागणीचे आकारमान कळते. त्यानंतर प्रत्येक कार्डाला पत्त्यांच्या प्रदेशातील आपापला हिस्सा वाटून दिला जातो, आणि मग कोठे विंडोज वा लिनक्स पुढे येऊन त्या क्रमांकाला साजेसा ड्रायव्हर शोधतात.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये या हजेरीच्याही आधी एक पायरी आहे. मदरबोर्डाची बाजू प्रत्येक पदरावर, म्हणजे प्रचलित बोलीत लेनवर, पलीकडे कोणी ग्राहक आहे काय याची विद्युतीय चाचणी घेते. तो आढळल्यास दोन्ही बाजू ठरावीक चिन्हांची देवघेव करून किती लेन व किती वेग यांवर एकमत करतात. या वाटाघाटीला लिंक ट्रेनिंग म्हणतात. कार्ड कितीही आधुनिक असो, तिचा आरंभ पहिल्या पिढीच्या वेगाने, सेकंदाला अडीच अब्ज संक्रमणांनी, होतो आणि मग वेग चढविला जातो. ही वाटाघाट फसली तर हजेरीच्या वेळी कार्ड गैरहजरच असते. आणि जे गैरहजर आहे त्याच्यासाठी ड्रायव्हर टाकून काय उपयोग? वीज, लिंक, हजेरी, जागा आणि ड्रायव्हर, या क्रमानेच पुढील विवेचन केले आहे.

बैठक आणि संपर्क

कार्ड नीट बसले नाही, हे कारण इतके सामान्य आहे की जाणकार ते सांगावयास संकोचतात. परंतु तपास तेथूनच सुरू झाला पाहिजे. यात बारकाईने पाहण्याजोगी एक गोष्ट आहे. कॅबिनेटच्या मागील पत्र्याला कार्डाचा ब्रॅकेट स्क्रूने आवळला जातो. कॅबिनेट स्वस्त असेल व त्याचा पत्रा थोडा वाकडा असेल, तर ब्रॅकेटची खालची जीभ मदरबोर्ड आणि पत्रा यांमधील फटीत न शिरता कडेवर टेकते. मग स्क्रू आवळताना कार्डाची पुढची बाजू खाली दबते आणि स्लॉटच्या दुसऱ्या टोकाची बाजू केसभर उचलली जाते. वरून पाहणाऱ्याला कार्ड बसलेलेच दिसते. पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डावर ते हजर असल्याचा संकेत देणाऱ्या पट्ट्या इतरांपेक्षा मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, जेणेकरून कार्ड पूर्ण आत गेल्यावरच त्या टेकाव्यात. म्हणून ज्या मदरबोर्डावर हा संकेत वाचला जातो तेथे एवढासा कलही कार्डाला गैरहजर ठरवावयास पुरतो. याची परीक्षा सोपी आहे. स्क्रू काढून कार्ड दाबून बसवावे, स्लॉटच्या टोकाची खिटी वाजली याची खात्री करावी, आणि स्क्रू न लावता एकवार संगणक सुरू करून पाहावा.

संपर्क स्वच्छ करण्यासाठी आपल्याकडे खोडरबर फिरविण्याची चाल आहे. पेन्सिलीचा मऊ खोडरबर हलक्या हाताने वापरल्यास मोठीशी हानी होत नाही. परंतु शाई खोडण्याचा खरखरीत रबर त्या पट्ट्यांवरील सोन्याचा अतिशय पातळ थर खरवडून काढतो, व त्याखालचे निकेल उघडे पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड हा यापेक्षा पुष्कळच चांगला मार्ग होय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा या किनारपट्टीच्या मुलखात खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे संपर्कांवर गंज लवकर चढतो. तेथे ही सफाई अधिक वेळा करावी लागते, आणि कार्डाइतकेच लक्ष रिकाम्या स्लॉटमध्ये साचलेल्या धुळीकडेही द्यावे लागते.

कार्डाच्या पट्ट्यांलगत इवलेसे कपॅसिटर ओळीने बसविलेले असतात. कार्डाकडून निघणारा प्रत्येक लेनचा संकेत त्यांतून जातो. कार्ड घाईने बसविताना किंवा नुसतेच खणात ठेवताना यांपैकी एखादा तुटून पडला, तर सोळा लेनचे कार्ड आठ, चार किंवा एकाच लेनवर चालू लागते, आणि तुटलेला कपॅसिटर पहिल्या लेनचा असेल तर बहुधा मुळीच चालत नाही. वापरलेले कार्ड विकत घेणाऱ्याने भिंग घेऊन ही ओळ तपासावी.

विजेचा प्रश्न

सोळा लेनच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक हवे असल्यास एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅट देते व आठ पिनांची १५० वॅट. येथे एक घोटाळा वारंवार होतो. प्रोसेसरला वीज पुरविणारी आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांतील धन व ऋण यांची मांडणी उलट असते. सामान्य ग्राफिक्स कार्डाला कार्डाचीच जोडणी हवी असते. परंतु एनव्हिडियाच्या टेस्ला पी४० सारख्या, सर्व्हरसाठी बनविलेल्या कार्डाला प्रोसेसरच्या प्रकारची जोडणी लागते. चोवीस जीबी स्मृतीचे हे २०१६ चे कार्ड, घरच्या संगणकावर भाषेची प्रारूपे चालवू पाहणाऱ्या अनेकांनी वापरलेल्या मालाच्या बाजारातून घेतले आहे. त्यांतील कित्येकांची अडचण या पहिल्याच पायरीवर उभी राहते.

आपल्याकडे अर्थिंगचाही विचार अवश्य करावा लागतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल, तर एसएमपीएसच्या आरंभी असलेल्या गाळणीतील कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो, आणि हात लावताच झिणझिण्या येतात. हा प्रवाह अल्प असला तरी अशा अवस्थेत कार्डाला किंवा त्याच्या केबलींना हात घालणे कार्डाच्या जिवावर बेतू शकते. प्लग काढावा, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, मदरबोर्डावरील दिवा विझल्याची खात्री करावी आणि मगच स्लॉटला हात लावावा. संगणक बंद दिसत असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत पाच व्होल्टचा राखीव पुरवठा मदरबोर्डावर चालूच असतो, हे विसरता कामा नये.

लिंक आणि लेनची वाटणी

वीज पोहोचूनही कार्ड गैरहजर असेल तर संशयाची दिशा लिंककडे वळविली पाहिजे. लिनक्समध्ये एलएसपीसीआय या आज्ञेचे तपशीलवार उत्तर घेतले, की प्रत्येक कार्डापुढे त्याची लिंक किती वेग व रुंदी पेलू शकते आणि प्रत्यक्षात किती वेगाने व किती लेनवर जुळली आहे, अशा दोन ओळी दिसतात. काम नसताना वीज वाचविण्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेग उतरविते, म्हणून कमी वेग पाहून घाबरण्याचे कारण नाही. परंतु सोळाऐवजी एक लेन दिसली, तर बैठक, संपर्क अथवा मदरबोर्ड यांपैकी कोठेतरी दोष आहे याचा तो भक्कम पुरावा होय. कार्ड उभे बसविण्यासाठी वापरलेली रायझर केबल तिसऱ्या पिढीची आणि कार्ड व मदरबोर्ड दोन्ही चौथ्या पिढीचे असतील, तर चढ्या वेगावर लिंक तुटते. अशा वेळी बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग हाताने तिसऱ्या पिढीवर आणून ठेवला की कार्ड पुष्कळदा रुजू होते.

सोळा लेनच्या लांबीचा स्लॉट म्हणजे सोळा लेन, हा समजही घातक आहे. दुसऱ्या वा तिसऱ्या स्लॉटला पुष्कळदा चारच लेन जोडलेल्या असतात, आणि त्याही एखाद्या एम.२ साठवणीशी किंवा साटा जोडण्यांशी सामाईक असतात, एम.२ मध्ये ड्राइव्ह बसविला की स्लॉट बंद, अशी ती वाटणी असते, आणि तिचा उल्लेख बहुधा मदरबोर्डाच्या पुस्तिकेतील एखाद्या तळटीपेत सापडतो. प्रोसेसरवरही हे अवलंबून आहे : रायझन ५ ३४००जी हा प्रोसेसर ग्राफिक्स स्लॉटला आठच लेन देतो, तर रायझन ५ ८५००जी केवळ चार. प्रोसेसरमधून येणाऱ्या लेन त्याच्या सॉकेटमधील पिनांतून येत असल्यामुळे, सॉकेटमधील एक वाकलेली पिन किंवा अवाजवी आवळलेला कूलर एखादा स्लॉट पूर्णतः मृत करू शकतो. प्रोसेसर बदलल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीत हे कारण प्रथम तपासावे.

या वर्गातील सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे चार एनव्हीएमई ड्राइव्ह एकत्र बसविण्याचे साधे कार्ड. सोळा लेनच्या स्लॉटमध्ये ते बसवावे, चारही ड्राइव्ह लावावेत, आणि संगणकाने त्यांपैकी एकच ओळखावा. कार्ड सदोष म्हणून परत केले जाते, दुसरे आणले जाते, आणि तेही तसेच वागते. वस्तुतः अशा स्वस्त कार्डावर वाटणी करणारी चिपच नसते. सोळा लेनचे चार-चार-चार-चार असे तुकडे मदरबोर्डाने करावयाचे असतात, व त्यासाठी बायोसमध्ये बायफर्केशनची सोय असावी लागते आणि ती मुद्दाम चालू करावी लागते. जेथे ती सोय नाही तेथे स्वतःची चिप असलेले महाग कार्ड घेणे, अथवा एका ड्राइव्हवर समाधान मानणे, एवढेच पर्याय उरतात.

बायोसची मंजुरी

हजेरी लागली, पण जागा मिळाली नाही, हा पुढचा प्रकार. बत्तीस बिटांच्या परंपरेमुळे कार्डांना मिळणारी जागा पूर्वी पहिल्या चार जीबीच्या आत द्यावी लागे, आणि आजही अनेक मदरबोर्ड मूळ मांडणीत तसेच वागतात. वर उल्लेखिलेले टेस्ला पी४० एवढी मोठी जागा मागते की ती त्या हद्दीत मावणे अशक्य. अशा वेळी संगणक सुरूच न होणे किंवा विंडोजमध्ये संकेतांक १२, म्हणजे पुरेशी साधने मोकळी नाहीत, असा निरोप येणे हे ठरलेले. बायोसमधील 'अबव्ह फोर जी डिकोडिंग' ही निवड चालू केल्यास ही अडचण दूर होते. ज्या जुन्या मदरबोर्डाच्या बायोसमध्ये ही निवड नाही, तेथे ते कार्ड चालविण्याचा हट्ट सोडलेला बरा.

कार्डाच्या अंगच्या प्रोग्रामाचाही प्रश्न येथेच उद्भवतो. ज्या जुन्या ग्राफिक्स कार्डात यूईएफआयला समजणारा भाग नाही, त्यावर, जुन्या बायोसची नक्कल करणारी सीएसएम ही व्यवस्था बंद असल्यास, आरंभी काहीच दिसत नाही. मालक म्हणतो, कार्ड ओळखले नाही; प्रत्यक्षात ते ओळखले गेलेले असते, फक्त त्याला पडद्यावर काही लिहिता आलेले नसते. दुसरे चालू कार्ड किंवा मदरबोर्डावरील ग्राफिक्स वापरून संगणक सुरू केल्यास यादीत ते जुने कार्ड सुखरूप आढळते.

बायोस अद्ययावत करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, आणि नव्या कार्डांसाठी तो अनेकदा योग्य असतो. परंतु मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असल्यामुळे, जेथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही अशा ठिकाणी यूपीएस अथवा इन्व्हर्टर यांचा बंदोबस्त असल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये. कार्ड कोणत्या पायरीवर अडले हे कळण्याआधी तर मुळीच घेऊ नये.

ड्रायव्हर : शेवटची पायरी

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड अज्ञात उपकरण म्हणून का होईना, दिसत असेल, तर पहिल्या चार पायऱ्यांपैकी निदान वीज, लिंक आणि हजेरी या तीन पार पडल्या असे निःशंक समजावे. त्याच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी पाहिली, की उत्पादक व उपकरण यांचे क्रमांक मिळतात, आणि खोक्यावरील नावापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वसनीय असतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत वापरलेले कार्ड घेताना हाच दाखला मागावा. नव्या नावाने विकलेल्या कार्डात जुनीच चिप निघण्याचे प्रकार घडलेले आहेत. नाव बदलणे सोपे असते, पण चिपचा खरा प्रकार जीपीयू-झेडसारख्या साधनापुढे फार काळ लपत नाही.

संकेतांकांकडे दुर्लक्ष करणे ही मोठी चूक होय. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळविला. ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खात्री पटली नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर बत्तीस बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, आणि व्हिस्टाच्या चौसष्ट बिटांच्या आवृत्तीपासून गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर सही सक्तीची झाली; यामुळे प्रयोगशाळांतील मोजमापाची व कारखान्यांतील नियंत्रणाची कित्येक उत्तम कार्डे केवळ ड्रायव्हरअभावी अडगळीत गेली. पूर्वी आभासी चलनाचे खनन करण्यासाठी वापरलेल्या ग्राफिक्स कार्डाचे बायोस बदललेले असल्यास ड्रायव्हर त्याला नाकारतो. कार्डावर दोन बायोसमधून निवड करण्याची कळ असेल तर ती फिरवून पाहावी. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे संगणक बंद करणे हे पूर्णपणे बंद करणे राहिलेले नाही, गाभ्याची अवस्था तशीच जपून ठेवली जाते. म्हणून नवे कार्ड बसविल्यावर संगणक एकदा रीस्टार्ट करणे इष्ट.

तपासाची पद्धत

या सर्वांवरून तपासाचा एक क्रम सिद्ध होतो. प्रथम, कार्ड पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्समध्ये दिसते की नाही हे पाहावे. तेथे दिसले व विंडोजमध्ये चालले नाही, तर बहुतांशी दोष ड्रायव्हरचा, क्वचित जागेच्या वाटणीचा. तेथेही दिसले नाही, तर ड्रायव्हरचा विचार मनातून काढून टाकावा. मग तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि त्या स्लॉटमध्ये दुसरे, चालू असल्याची खात्री असलेले कार्ड, अशी अदलाबदल करावी. दोष कार्डाबरोबर जातो की स्लॉटबरोबर राहतो, याचे उत्तर एवढ्याने मिळते. बाकीची सर्व कार्डे व जादा ड्राइव्ह काढून एकट्या त्या कार्डाची परीक्षा घेतली, की लेनच्या वाटणीचे आणि विजेच्या तुटीचे प्रश्न उघड होतात. अखेरीस कार्ड दुसऱ्या संगणकात लावावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले याची लेखी नोंद ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलून मिळालेले यश पुन्हा तीच अडचण आली असता काहीच शिकवीत नाही. दुसऱ्या संगणकात कार्ड तपासल्यावाचून ते मेले असा निवाडा कोणीही, दुकानदारानेही, देऊ नये, आणि ग्राहकानेही तो मान्य करू नये.

आता या प्रश्नाचा इतिहास पुन्हा नजरेखालून घातला, तर एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. जम्परांच्या काळात माणसाला सर्व काही हाताने करावे लागे, पण काय केले हे त्याला ठाऊक असे. आकडे त्याच्यासमोर असत, आणि चूक सापडली तर ती कोणत्या आकड्यात होती हेही कळे. पीसीआयने ते कष्ट वाचविले, ही तिची थोरवी निर्विवाद आहे. परंतु कष्टांबरोबर पुरावाही यंत्राच्या पोटात गेला. आजच्या मदरबोर्डाला लिंक ट्रेनिंग कोणत्या अवस्थेत थांबली, कोणत्या पत्त्यावरून उत्तर आले नाही, कोणती मागणी नामंजूर झाली, हे अचूक ठाऊक असते. सर्व्हरच्या यंत्रांत अशा घटनांची नोंद ठेवलीही जाते, आणि काही महाग मदरबोर्डांवर चार दिवे किंवा दोन अंकांची पाटी तरी असते. सामान्य ग्राहकाच्या स्वस्त मदरबोर्डावर मात्र बहुधा यांतील काहीच नसते, आणि तोच ग्राहक चाचपडत कार्डे परत करीत राहतो.

ही माहिती दडविण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही. बायोसच्या एका पानावर प्रत्येक स्लॉटपुढे तो कोणाशी सामाईक आहे, तेथे कोणी हजर आहे काय, किती लेन जुळल्या, किती जागा मागितली व किती मिळाली, एवढ्या पाच गोष्टी छापल्या, तर या लेखातील बहुतेक तपास सामान्य माणूस काही मिनिटांत स्वतः करू शकेल. सदोष म्हणून परत जाणारी अनेक निर्दोष कार्डे वाचतील, आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती अंदाजाऐवजी आधार येईल. ग्राहकांनी मदरबोर्ड घेताना वेग व रंगीत दिव्यांबरोबर ही चौकशीही आग्रहाने करावी. तोपर्यंत क्रमाने तपास करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते थोडे नाही.